येळवशीची कोप आणि गणपतीचा मांडव



मार्गशीर्ष अमावस्येला भर दुपारी लोहाऱ्याच्या पेठेतून कोणी परगावचा माणूस गेला, तर गावात संचारबंदी लागली की काय, असेच त्याला वाटेल. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सारे गाव रानात गेलेले असते. ही आपली येळवस. कागदावर तिला दर्श वेळा अमावस्या म्हणतात, कानडी मुलखात एळ्ळ अमावस्या. लातूर, आपला धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडचे बीदर-कलबुर्गी एवढ्याच पट्ट्यात हा सण ह्या थाटाने होतो. पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेला पोरगा दिवाळीला एक वेळ येणार नाही, पण येळवशीला बांधावर हजर असतो.

ह्या सणाचे जेवण सर्वांना ठाऊक आहे. भज्जी, उंडे, खीर आणि माठातली अंबील ह्यांवर लिहू लागलो तर लेख तिथेच संपायचा. आम्हांला आज सभासदांचे लक्ष वेधायचे आहे ते कोपीकडे. कोणी तिला खोपही म्हणतात. रानातल्या एखाद्या झाडाखाली कडब्याच्या पेंढ्या उभ्या करायच्या, शेंडे एकत्र बांधायचे, वरून शाल नाहीतर धोतर पांघरायचे आणि आत चुन्याने रंगवलेले, कावेचे ठिपके दिलेले पाच दगड मांडायचे. हे पाच पांडव, शेजारी लक्ष्मी. झाली आरास. खर्च विचाराल तर चुन्याचा. दुसऱ्या दिवशी ती आरास कुठे जाते? शाल घरी जाते, पेंढ्या गंजीवर जातात नाहीतर जनावरांपुढे पडतात, आणि दगड पुढल्या वर्षापर्यंत झाडाखाली बसून राहतात. संध्याकाळी हेंडगा पेटवून शिवारातून पळवतात त्याची चिमूटभर राख तेवढी मागे राहते, तीही मातीच्या कामाची.

उघड्यावरच्या सणाची सजावट कशी असावी ह्याचा इतका चोख धडा दुसऱ्या कोणत्या शाळेत मिळेल असे आम्हांस वाटत नाही. प्रस्तुत पाठात ह्याच कोपीची कसोटी घेऊन आपल्या इतर सणांच्या मांडवाकडे, कमानींकडे आणि तोरणांकडे पाहायचे आहे. कसोटी साधी आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी ही वस्तू कुठे जाणार? गव्हाणीत, मातीत, पेटीत, की नुसतीच वाऱ्यावर?

आता येळवशीचेच आधी बघू, कारण आपल्या घरचे सोडून दुसऱ्याचे सांगणे बरे नव्हे. तोडणी कार्यक्रमासाठी येळवशीच्या दुसऱ्या दिवशी शिवारात फिरताना गेली काही वर्षे आम्ही काय पाहतो? कोप आहे तशीच सुरेख. पण तिच्याभोवती पन्नास-साठ पाहुण्यांची चमकी लावलेली ताटे, अंबिलीचे पेले, पाण्याच्या बाटल्या, फरसाणाच्या पिशव्या. दुपारनंतर वारा सुटला की हे सगळे हिरव्या ज्वारीत आणि शेजारच्या उसाच्या सरीत जाऊन बसते. कागदी पेला तरी बरा, असे काहीजण म्हणतात. त्या पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणूनच तो गळत नाही. तेव्हा तोही पूर्ण कुजत नाही. पाहुणा वाढला हे आनंदाचेच आहे. पण पूर्वी पाहुणा पळसाच्या पत्रावळीवर जेवायचा आणि अंबील तांब्याने नाहीतर घरच्या पेल्याने प्यायचा. चार घरचे स्टीलचे पेले एका पोत्यात घालून रानात नेले तर भागते, हा काही मोठा शोध नव्हे. राहता राहिल्या पत्रावळ्या. पळस बांधावर अजून आहे, पण पत्रावळ लावणारे हात कमी झाले. तिथे उसाच्या चिपाडाच्या लगद्याची ताटे आता बाजारात मिळतात ती घ्यावीत. तो माल शेवटी आपल्याच पिकाचा आहे.

सरीत गेलेले प्लॅस्टिक वरवर निरुपद्रवी दिसते. तसे ते नाही. खोडव्याच्या वेळी ते पाचटाबरोबर कुजत नाही, नांगराखाली फाटून त्याचे बारीक तुकडे होतात, आणि एकदा तुकडे झाले की कोणी वेचू म्हटले तरी वेचता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे जनावरे. पिशवीला अन्नाचा, मिठाचा वास असतो; गाय ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पोटात पचत नाही आणि शेणावाटे पडतही नाही. पहिल्या पोटात त्याचा गोळा होत जातो. जनावर रवंथ सोडते, पोट फुगते, दूध आटते आणि मालक देवऋषी करीत बसतो. पोट फाडून गोळा काढावा लागतो तेव्हा कुठे कळते की दावणीला रोग नव्हता, सण होता.

गणपतीचा मांडव

येळवस हिवाळ्यातली, कोरड्या दिवसांतली. गणपती भर पावसाळ्यातला. हा फरक आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सजावटीचा उपदेश करणारे पुष्कळ आहेत, पण भाद्रपदात आपल्याकडे काय मिळते आणि काय टिकते हे पाहणारे थोडे.

लोकमान्य टिळकांनी 1893 मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्या काळी मांडव म्हणजे बांबू, कापड, केळीचे खांब आणि आंब्याचे टाळे. मखरे भेंडाची व्हायची. भेंड म्हणजे पाणथळीतल्या एका झाडाचा पांढरा, पिसासारखा हलका गाभा; नवरदेवाची बाशिंगेही त्याचीच. पुढे थर्माकोल आला आणि भेंड मागे पडले. दिसायला दोन्ही सारखे, कापायला दोन्ही मऊ. पण थर्माकोल हा खनिज तेलापासून केलेला फेस आहे. त्यात बहुतेक हवाच असते, म्हणून वजन नाही. वजन नाही म्हणून भंगारवाला घेत नाही. आणि घासला की साबुदाण्यासारखे दाणे सुटून विहिरीत, ओढ्यात तरंगत राहतात. जाळावा तर काळा, डोळ्याला झोंबणारा, विषारी धूर.

कायद्याचे म्हणाल तर ह्यात आता वादाला जागा उरलेली नाही. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीसह अनेक वस्तूंवर बंदी घातली. त्या वर्षीच्या गणपतीपुरती तरी सूट द्या म्हणून व्यापारी मुंबई उच्च न्यायालयात गेले. सूट मिळाली नाही. पुढे केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून देशभर जी बंदी लागू केली, तिच्या यादीत सजावटीचा थर्माकोल, प्लॅस्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ फलक नावानिशी आहेत. बंदी असूनही माल मिळतो, हे आम्हीही जाणतो. तथापि सहकारी संस्थेच्या सभासदाने कायद्याची पळवाट विचारू नये एवढीच अपेक्षा.

मग थर्माकोलच्या जागी काय? येथे आम्हांला आपल्यापैकी प्रत्येकाचे लहानपण आठवते. ज्वारीच्या धाटाची साल दाताने सोलून आतल्या पांढऱ्या गाभ्याचे तुकडे करायचे, सालीच्या काड्या त्यात खोचायच्या आणि बैलगाडी करायची. बैल, जू, चाके, साटा, सारे त्यातच. आपल्यापैकी कोणी ही गाडी केली नाही असा सभासद असल्यास त्याने आम्हांस कळवावे! तो गाभा म्हणजे आपल्या रानातले भेंडच आहे. लहान मखर, महिरप, अक्षरे, फुले त्यातून उत्तम होतात. मोठ्या मांडवाला ते पुरणार नाही हे खरे, परंतु शाळेतल्या पोरांना पंधरा दिवस आधी काम लावले तर मूर्तीमागची आरास ती हसत करतात. गंजीतली जाड, न भिजलेली धाटे तेवढ्यासाठी निवडून ठेवावीत.

मोठ्या कामाला मात्र कडबा वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका मंडळाने हौसेने सगळा मांडव कडब्याने शाकारलेला आम्ही पाहिला. दिसायला दृष्ट लागण्यासारखा. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, कडबा काळा पडला, त्याला कुबट वास सुटला आणि विसर्जनानंतर जनावरांनी तोंड लावले नाही. भाद्रपदात नव्या ज्वारीची पेरणीसुद्धा झालेली नसते, गंज तळाला लागलेली असते. मोठे जनावर दिवसाला सहा-सात किलो वाळली वैरण खाते. 200 किलो कडबा भिजवणे म्हणजे एका बैलाची महिन्याची वैरण देवाच्या नावाने उकिरड्यावर टाकणे. दुष्काळात छावणीच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पर्यावरणाला पोषक म्हणजे निसर्गातली कोणतीही वस्तू तोडून आणणे नव्हे.

उसाचे पाचट ही आपली खरी वस्तू. आडसाली लागणीचा ऊस पाच-सहा महिन्यांचा झाला की खालची वाळली पाने आपण काढतो. मागल्या वर्षीच्या आडसालीत तर भाद्रपदातही वाळले पाचट हाताशी असते. तोडणीनंतर हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते, म्हणजे एका गुंठ्यातून 80 ते 100 किलो. एका गावच्या मांडवाच्या तीन बाजू झाकायला साधारण एवढे पाचट पुरावे. जनावर वाळले पाचट आवडीने खात नाही, सबब वैरणीला धक्का लागत नाही. भिजले तरी बिघडत नाही, उलट कुजायला सोपे जाते.

करण्याची रीत अशी. पाने उन्हात दोन दिवस वाळवून झटकून घ्यावीत. पानाची कड धारदार असते व देठाशी कुसळे असतात, म्हणून अंगभर कपडे घालूनच काम करावे आणि मुलांना ह्या कामी लावू नये. मनगटाएवढ्या जुड्या बांधून त्या बांबूच्या आडव्या काठ्यांवर खालून वर अशा एकीवर एक लावीत जाव्यात, छपरावर पाला शाकारतो तशाच. बांधायला सुतळी किंवा केकताडाचा वाख घ्यावा. नायलॉनची दोरी नको आणि तारही नको; का ते पुढे येते. खरे तर बांधणी शिकायला लांब जायला नको. ऊसतोड मजूर मोळी कशाने बांधतो? हिरव्या वाढ्याला पीळ देऊन. ना दोरी, ना गाठीचा खर्च, आणि ती मोळी गाडीत चढवून कारखान्यापर्यंत येते तरी सुटत नाही. एवढे मोठे कसब आपल्या फडात दर हंगामाला येते, पण त्या माणसाला मांडवाच्या सल्ल्याला बोलवावे असे कोणाच्या मनात येत नाही.

आता धोक्याचे सांगतो आणि ते नीट वाचावे. पाचट म्हणजे सरपण आहे. फडाला आग लागली की काय होते हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून पाचट फक्त बाजूच्या भिंतींना, तेही बाहेरून वापरावे. डोक्यावर छताला नको. आतल्या बाजूला कुडाच्या भिंतीसारखा शेणमातीचा हात फिरवावा. त्यावर चुना, गेरू आणि हळदीने आपल्या बायकामाणसांनी काढलेली चित्रे कोणत्याही छापील पडद्याला हार जाणार नाहीत, आणि लिंपणामुळे ठिणगी सहज धरत नाही. समई, कापूर, धूप ह्यांची जागा पाचटापासून चांगली लांब हवी. पाण्याचा भरलेला पिंप आणि वाळूच्या दोन बादल्या मांडवात हव्यातच. तापणारे हॅलोजन दिवे अशा मांडवात मुळीच लावू नयेत.

दिव्यांचा हिशेब ह्याच ओघात करू. 500 वॅटचे चार हॅलोजन रोज सहा तास, दहा दिवस लावले तर 120 युनिट वीज लागते. 50 वॅटचे चार एलईडी दिवे तेवढाच वेळ लावले तर 12 युनिट. उजेडात फारसा फरक पडत नाही, उष्णतेत पडतो. आणि खांबावर आकडा टाकून रोषणाई करणाऱ्यांबद्दल आम्ही येथे काही लिहीत नाही. भिजलेल्या मांडवात आकड्याने काय होते ते सर्वांनी ऐकलेले आहे. महावितरणकडून तात्पुरती जोडणी रीतसर मिळते.

आणखी एक गोष्ट ह्या भागात बोलल्याशिवाय राहवत नाही. 1993 साली अनंत चतुर्दशीला विसर्जन करून लोक रात्री उशिरा निजले आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारीबरोबर आपले सास्तूर, तेव्हा उमरगा तालुक्यातले, उद्ध्वस्त झाले. दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदांखाली माणसे गेली. तेव्हापासून आपल्याकडे गणपती बोळवताना जुन्या माणसांचा आवाज बदलतो. ज्या तालुक्याने डोक्यावरच्या ओझ्याची किंमत अशी मोजली, तिथे रस्त्यावर तीस फुटी लोखंडी कमानी आणि त्यांवर पावसाने जड झालेले फलक पाहिले की आम्हांला बरे वाटत नाही. बांबूची कमान पडली तर खरचटते.

फलक, झेंडे, फुले

शुभेच्छांचे फलक ही सजावट मानायची की नाही, ह्यावर मतभेद होतील. आमच्या मते त्यांत देव लहान आणि माणसे मोठी असतात. ते राहू द्या. पण शेतकरी म्हणून त्यांच्याशी आपला वेगळाच संबंध आहे. सण झाला की ते फलक आपणच घरी आणतो आणि कडब्याच्या गंजीवर झाकतो. काटकसर म्हणून हे चांगलेच वाटते. दोन उन्हाळे गेले की त्या कापडाचे पापुद्रे सुटतात, धागे निघतात आणि ते वैरणीत पडतात. ज्यांच्या गंजीवर असे फलक असतील त्यांनी ते हाताला चुरमडायला लागण्याआधी काढून टाकावेत. मंडळांना सुचवायचे ते हे की, मांजरपाटाच्या कापडावर वर्ष न घालता मंडळाचे नाव रंगवून घ्यावे. एकदा केलेला फलक धुऊन पेटीत ठेवला तर अनेक वर्षे चालतो. वर्ष घातले की तो एका वर्षाचाच होतो, ही साधी गोष्ट रंगाऱ्याला सांगायची राहून जाते.

प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळांबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण येथे प्रश्न आपल्या खिशाचा आहे. दसरा-दिवाळीच्या भावाकडे डोळे लावून पुष्कळ सभासद गुंठा-दोन गुंठे झेंडू लावतात. भाव मिळेना म्हणजे बाजारातून झेंडूच्या पाट्या रस्त्याकडेला ओतून परत यायचे. त्याच गावात घराघरांच्या दारावर मात्र पिवळे-केशरी प्लॅस्टिक, वर्षभर धूळ खात. त्या माळेचा पैसा गावाबाहेर जातो. झेंडूचा पैसा गावात फिरतो. शिवाय झेंडूच्या मुळांतून निघणाऱ्या द्रव्याने जमिनीतील सूत्रकृमी कमी होतात, म्हणून भाजीपाल्यात व फळबागेत तो मुद्दाम लावतात. उसाच्या बांधालाही तो शोभतो. शोभा रानात, पीक दारात आणि शेवटी खत उकिरड्यात, असा हा तिहेरी माल आहे. मंडळांनी गावातल्या झेंडूवाल्याशी महिनाभर आधीच दर ठरवून घ्यावा. त्यालाही शाश्वती, मंडळालाही.

दसऱ्याच्या आपट्याचे मात्र उलट आहे. सोने म्हणून पाने वाटण्याच्या हौसेत झाडेच्या झाडे ओरबाडली जातात, आणि आपटा न मिळाला की कांचनाची पाने आपटा म्हणून विकली जातात. मानाची दोन पाने देवापुढे ठेवून, माणसांना ज्वारीची नाहीतर तिळाची मूठ दिली तर सोन्याला कमीपणा येत नाही. ज्याच्या बांधावर आपटा आहे त्याने फांदी न मोडता पाने खुडावीत. त्याच नवरात्रातली दुसरी चांगली रीत पाहा. पत्रावळीवर रानातली माती, त्यात पेरलेले धान्य, वर कडाकण्यांचा फुलोरा. पुढे तो फुलोरा पोरे खातात. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात राहून सजावटीचे धडे दुसरीकडून आणायचे कारण नाही.

पोळ्याला बैलाच्या शिंगांना तेलरंग देतात तेही सोडावे. तो रंग खरवडताना पत्र्याने शिंग सोलले जाते. गेरू आणि हिंगूळ पुरे.

मोळीपूजन आणि विसर्जनानंतरचे

आता आपल्या कारखान्याच्या दारातला सण. बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि गव्हाणीवरचे मोळीपूजन हे दोन्ही उघड्यावर होतात, शेकडो सभासद जमतात, आणि मागल्या काही हंगामांत गव्हाणीची सजावट आम्हीही प्लॅस्टिकच्या माळांनी केली हे येथे कबूल करतो. दुसऱ्यास सांगताना आपले झाकून ठेवायचे नाही. गव्हाणीवरची कमान उसाची असावी, दोन्ही बाजूंना हिरव्या वाढ्यांसकट उभा ऊस, मध्ये आंब्याचे टाळे आणि झेंडू. पूजा झाली की ऊस काढून त्याच गव्हाणीत टाकायचा. देवाला वाहिलेला ऊस साखर होऊन पोत्यात जाईल, त्याच्या चिपाडावर बॉयलर पेटेल. टनाला 280 ते 300 किलो चिपाड निघते, तेव्हा कमानीच्या त्या चाळीस-पन्नास उसांचाही थोडा जाळ होतोच. वाढे बैलांपुढे.

तार नको म्हटले ते ह्यासाठी. उसाबरोबर लोखंडी तार गेली तर ऊस तोडणाऱ्या सुऱ्यांची आणि मिलच्या लाटांची धार जाते, आणि पूजेच्या दिवशीच मिल थांबवायची पाळी यायची. प्लॅस्टिकची माळ चुकून गेली तर ती चिपाडातून बॉयलरपर्यंत पोहोचते. पीव्हीसी जळताना आम्लाचा वायू सुटतो, तो ना नळ्यांना चांगला ना माणसांना. मोळी पिळलेल्या वाढ्यानेच बांधलेली बरी.

गणपती-देवी बोळवल्यावर हार, दूर्वा, पत्री, केळीचे खांब हे सारे निर्माल्य विहिरीत किंवा ओढ्यात सोडण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. पाण्यात फुले कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, विहिरीला वास येतो. तेरणेवरच्या माकणीच्या धरणातले पाणी आपणच पितो आणि उसालाही देतो. तुळजापूर-पंढरपूरच्या तीर्थाइतकेच ते आपल्याला पवित्र असायला हरकत नाही.

निर्माल्याचे खत करणे अवघड नाही. हारांतले नायलॉनचे धागे, चमकी आणि पिशव्या आधी वेगळ्या कराव्यात; हे काम कंटाळवाणे आहे व तेच चुकते. मग मंडळाच्या जवळच्या एखाद्या सभासदाच्या रानात कमरेइतक्या खोल खड्ड्यात एक थर निर्माल्य, एक थर प्रेसमड किंवा शेणखत, थोडी माती असे भरून ओलावा ठेवावा आणि महिन्याने एकदा उलथावे. मांडवाचे पाचटही ह्याच मार्गाने न्यावे, नाहीतर थेट सरीत पसरावे. पाचट कुजवण्याचे प्रमाण सभासदांना पाठ असेलच: टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक. मांडवाच्या 100 किलो पाचटाला त्या हिशेबाने 800 ग्रॅम युरिया, 1 किलो सुपर आणि 100 ग्रॅम संवर्धक लागेल. त्या आधी सुतळीच्या गाठी सोडून बांबू वेगळे करावेत. बांबू कोरड्या जागी आडवे ठेवले तर पुढल्या वर्षी निम्मे तरी पुन्हा चढतात.

ज्या मंडळांना पाचटाचा मांडव करायचा असेल त्यांनी आडसाली प्लॉटवाल्या सभासदाशी श्रावणातच बोलून ठेवावे. पोळ्यानंतर शब्द टाकला तर एव्हाना त्याने पाचट सरीत दाबलेले असेल, आणि ते उपसून आणायला कोणीही सांगू नये.